व्हॅल्प्रोएट गोळी, गरोदरपण आणि माझा भाचा: ठाणे-नवी मुंबईत असे अजून कोणी आहेत का?

कळव्याची_मावशी

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

माझ्या ताईला बारावीत असल्यापासून फिट्स येतात. म्हणजे आता येत नाहीत, गोळ्यांनी कंट्रोलमध्ये आहेत, सोडियम व्हॅल्प्रोएट 500 सकाळी आणि 500 रात्री, इतकी वर्षं हेच चालू आहे. लग्न होऊन ती ऐरोलीला गेली. लग्नाच्या वेळी आईबाबांनी सासरी यातलं काहीच सांगितलं नाही, का ते तुम्हाला माहितीच आहे, फिट येणारी मुलगी म्हटलं की स्थळ आलं तसं परत जातं. त्यामुळे ताई गोळ्या स्ट्रिपमधून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायची आणि व्हिटॅमिन म्हणूनच घ्यायची. गरोदर राहिल्यावर दर व्हिजिटला सासूबाई सोबत, म्हणून गायनॅकलाही बोलता आलं नाही. तिच्या गरोदरपणाच्या फाईलमध्ये फिट्सचा फि सुद्धा नाहीये.

भाचा आता आठ वर्षांचा आहे. जन्मतःच लघवीच्या जागेचा दोष होता, त्याचं ऑपरेशन करावं लागलं. बोलायला फार उशिरा लागला, अजूनही दोन-तीन शब्दांचीच वाक्यं. ऑटिझमचं निदान झालंय, हाताची पकड कमी आहे, शर्टाचं बटण लावायला घेतलं की रडकुंडीला येतो. आजपर्यंत जितक्या डॉक्टरांना विचारलं ते म्हणाले की असतं काही मुलांमध्ये, कारण शोधत बसू नका. आम्हीही मग सोडून दिलं.

आता मध्यंतरी मी फ्रान्समधल्या अशाच आयांबद्दल वाचलं आणि हात-पाय गार पडले, कारण तिकडच्या मुलांचं वर्णन म्हणजे आमच्या पिल्लूचंच वर्णन. पातळ वरचा ओठ, रुंद कपाळ, तोच ऑपरेशनचा विषय, तेच उशिरा बोलणं. मग मी माहेरची जुनी फाईल उपसली. त्यात न्यूरोलॉजिस्टचा लग्नाआधीचा कागद सापडला, त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'गेटिंग मॅरिड इन मे, कंटिन्यू सेम'. म्हणजे लग्न ठरलंय हे त्यांना माहिती होतं!! मूल होण्याआधी येऊन भेट, गोळी बदलावी लागेल, असं एक वाक्य नाही. फॉलिक ॲसिड पण नाही.

सासरी आता सगळं कळलंय आणि उठता बसता ऐकवणं चालू आहे, तुमच्या मुलीतच खोट होती, फसवलंत आम्हाला. भावजी एकदा चिडून म्हणाले की या कारणावर घटस्फोट मिळतो. आणि त्याच घरात दुसऱ्या मुलाचा विषयही चालू आहे, म्हणजे बघा. ताई अजून तीच गोळी घेते.

तर प्रश्न असे की हे खरंच गोळीमुळे असू शकतं का, कुठे तपासून मिळतं. तक्रार कुठे करायची असते. आणि आपल्याकडे अशा कुटुंबांचा काही ग्रुप वगैरे आहे का, कारण मी ठाणे, मुंबई सगळं शोधलं, मला काही सापडलं नाही.

औषधवाला_नौपाडा

मावशी, बाकी सगळं नंतर, आधी एक. ताईंना म्हणावं हे वाचून गोळी आज रात्री बंद करू नका. अचानक बंद केली की फिट उलटून येते, लागोपाठ येते, त्यात जीव जातो माणसाचा. बदलायची असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीत हळूहळू, आणि ते दिवस राहायच्या आधी, नंतर नाही.

आता तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, बीफार्म आहे, मेडिकल चालवतो. पण ही गोष्ट काही गुपित नाही हो. 1982 मध्येच फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉक्टरांनी हे औषध आणि बाळाच्या मणक्यातला दोष यांचा संबंध छापून आणला होता. आता आकडे पक्के आहेत. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या साधारण दर 10 बाळांत 1 बाळाला जन्मतः मोठा दोष असतो. मणका, हृदय, टाळू, आणि तुम्ही लिहिलात तो लघवीच्या जागेचा, हे सगळे त्या यादीत आहेत. आणि 100 पैकी 30 ते 40 मुलांना बोलणं, शिकणं, वागणं यात अडचण येते, ऑटिझमचं प्रमाणही वाढतं. ही दुसरी गोष्ट सोनोग्राफीत दिसतच नाही. ॲनॉमली स्कॅन नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं नसतं.

डोसवरही बरंच अवलंबून. युरॅप नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत 2018 ला जे आकडे आले त्यात दिवसाला 650 मिग्रॅपर्यंत घेणाऱ्यांमध्ये मोठे दोष 6 टक्क्यांच्या आसपास, 1450 च्या वर घेणाऱ्यांमध्ये 25 टक्के. ताईंचे 1000, म्हणजे मधल्या गटात, तिथे 11 टक्के. त्याच नोंदवहीत लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या फिट्सच्याच दुसऱ्या गोळ्या 3 टक्क्यांच्याही खाली आहेत.

माझ्या धंद्यातलं पण सांगतो, कारण लाज वाटते. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, दहा गोळ्या द्या म्हणतं, आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो आणि देतो. माहितीचा कागद असला तर तो खोक्यात, आणि खोकं आमच्या रॅकवर. पेशंटच्या हातात काय जातं तर कापलेला तुकडा, त्यावर कधी नाव असतं कधी नुसती एक्सपायरी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2023 पासून व्हॅल्प्रोएट कापून द्यायचंच नाही असा नियम आहे, कंपनीचं अख्खं पाकीट द्यायचं, म्हणजे इशारा आणि कागद प्रत्येक वेळी घरी जातो. फ्रान्समध्ये तर खोक्यावर गरोदर बाईचं चित्रच छापतात. याला काय खर्च येतो सांगा.

शंकासूर

कोणाला दुखवायचं नाहीये पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. ऑटिझम आज घराघरात आहे, ज्यांच्या आयांनी आयुष्यात क्रोसिन सोडून काही घेतलं नाही त्यांच्या मुलांनाही आहे. इंटरनेटवर फोटो बघून पातळ ओठ आणि रुंद कपाळ जुळवत बसलं तर अर्ध्या ठाण्याला लागू पडेल. आणि गोळी नसती घेतली आणि सातव्या महिन्यात जिन्यात फिट आली असती तर आज डॉक्टरला त्याबद्दल शिव्या घातल्या असत्या ना? गायनॅकपासून तुम्हीच लपवलंत आणि आता दोष डॉक्टरचा.

औषधवाला_नौपाडा

शंकासूर, अर्धं बरोबर आहे तुमचं. एकट्या मुलाकडे बोट दाखवून हे याच गोळीमुळे असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, रक्ताची अशी काही टेस्टही नाही. डॉक्टर काय करतात तर बाकीची कारणं आधी बाजूला काढतात, फ्रॅजाइल एक्स वगैरे जेनेटिक तपासण्या, मग औषधाचा इतिहास, जन्मदोष, चेहरेपट्टी, विकास, सगळं एकत्र ठेवून निदान लिहितात. त्यासाठी जेनेटिक्सचा डॉक्टर लागतो, म्हणजे परळच्या वाडियासारखं मुलांचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. मावशी, तुम्ही फोटो बघून ठरवू नका पण फाईल घेऊन जा जरूर.

आणि काही बायकांना खरंच याच गोळीने आराम पडतो, दुसरी कुठलीच लागू पडत नाही, हेही खरं. पण मग तसं तिला समोर बसवून सांगायचं आणि ठरवू द्यायचं तिला. इथे ते झालेलंच नाही. मे मध्ये लग्न आहे हे लिहायला पेन चाललं, पुढचं वाक्य लिहायला नाही चाललं.

नेरूळची_आई

कळव्याची मावशी, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि लॉगिन करायला पासवर्ड शोधला, इतकी वर्षं नुसती वाचत होते इथे.

माझी मुलगी अकरा वर्षांची. माझ्या फिट्स घरात सगळ्यांना माहिती होत्या, सासरी सुद्धा, माझ्या गायनॅकला सुद्धा, काहीही लपवलेलं नव्हतं, तरी मला कोणी सांगितलं नाही. शंकासूर यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. गायनॅक म्हणाल्या न्यूरोलाच विचारा, न्यूरो म्हणाले गायनॅक बघतील ते, आणि मी आपली दोन फाइली घेऊन वाशीत या इमारतीतून त्या इमारतीत. मुलीचं टाळूचं ऑपरेशन झालं, आता स्पेशल शाळेत आहे, गणित अजिबात नाही पण गाणी एकदा ऐकली की पाठ.

आपल्याकडे फक्त याच औषधाच्या कुटुंबांचा ग्रुप मलाही कुठे सापडला नाही. पण बाहेर हे कसं सुरू झालं ते वाचून ठेवलंय मी, कारण तेव्हा झोप यायची नाही तर हेच वाचायचे. इंग्लंडमध्ये जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी, दोघी साध्या आया, दोघींच्या मुलांवर परिणाम झालेला. 2012 मध्ये त्यांनी इनफॅक्ट नावाची संस्था काढली. जुने सरकारी कागद बाहेर आले तेव्हा कळलं की 1970 च्या दशकात औषधाला परवानगी देतानाच धोक्याची चर्चा झाली होती, पण बायका उगाच घाबरतील म्हणून पेशंटच्या कागदावर ते घालायचं नाही असं ठरलं. हे वाचून मी फोन भिंतीवर आपटायची बाकी राहिले होते. त्या दोघी मागे लागल्या, 2018 मध्ये सरकारने चौकशी नेमली, बॅरोनेस कंबरलेज त्याच्या प्रमुख, जुलै 2020 ला अहवाल आला, सरकारने जाहीर माफी मागितली. मग पेशंट सेफ्टी कमिशनर हे पद आलं आणि त्या कमिशनर हेन्रिएटा ह्यूज यांनी फेब्रुवारी 2024 ला सांगितलं की व्हॅल्प्रोएटमुळे नुकसान झालेल्या प्रत्येकाला सुरुवातीला म्हणून एक लाख पाउंड द्या. शिफारस आहे हां, शिफारस म्हणजे पैसे हातात नव्हेत.

फ्रान्समध्ये मरीन मार्टिन. स्वतः फिट्सची पेशंट, दोन मुलं, 2009 मध्ये इंटरनेटवर वाचून तिला उलगडा झाला, म्हणजे आपल्यासारखंच. 2011 मध्ये संस्था काढली, अपेसाक. हे औषध बनवणाऱ्या सनोफी कंपनीवर सामूहिक खटला केला आणि जानेवारी 2022 मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं. सरकारने भरपाईची वेगळी व्यवस्था पण केली. सगळं त्या आयांनी कागद जमवून केलं, हे महत्त्वाचं. सुरुवात कोर्टापासून नाही झाली, यादीपासून झाली. कोणती गोळी, किती डोस, कुठला महिना, मुलाला काय.

आणि ताईला एक सांगा माझ्याकडून. तिने गोळी घेतली कारण डॉक्टरने दिली. आईने केलं असं कोणी म्हणालं तर त्याला माझा नंबर द्या.

आता रोजच्या कामाचं. भाच्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? ऑटिझम 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, आयएसएए नावाच्या तपासणीवरून टक्के ठरवतात. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, ऐरोलीतून जाणं सोपं, तिथे चौकशी करा, थेरपी आणि शिक्षण दोन्ही बघतात. खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक अपंगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे. निरामय विमा काढा, नॅशनल ट्रस्टचा, वर्षाला 1 लाखापर्यंत आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, साध्या मेडिक्लेमवाल्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. भावजी जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असतील तर अपंग मुलाच्या खर्चासाठीची वजावट मिळते (1961 च्या आयकर कायद्यातलं 80डीडी). केस लढायची तेव्हा लढा, मुलाचं वय थांबत नाही.

वकीलकाकू_ठाणे

आधी घटस्फोटाचं, कारण त्या धमकीने मुली उगाच खचतात. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिट्स हे विवाह रद्द करायचं कारण लिहिलेलंच होतं. 1999 मध्ये दुरुस्ती करून ते काढून टाकलं. लपवलं, फसवणूक झाली असा वेगळा मुद्दा नवऱ्याकडून काढला जाऊ शकतो पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, कळल्यानंतरही एकत्र नांदल्यावर, त्यात फारसा दम राहत नाही. भावजींना शांतपणे सांगा.

आता तक्रारीचं. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय. 2019 च्या नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, ताई ऐरोलीला म्हणजे ठाणे जिल्हा (खारघर-कामोठ्याचे लोक लक्षात ठेवा, नवी मुंबई म्हणत असलात तरी तुमचा जिल्हा रायगड). अडचण मुदतीची आहे. दोन वर्षं, कारण घडल्यापासून. कारण कधी घडलं, गोळी दिली तेव्हा, मूल जन्मलं तेव्हा, निदान झालं तेव्हा की संबंध कळला तेव्हा, यावरच पहिली लढाई होणार. उशीर माफ करायची तरतूद आहे, सबळ कारण द्यावं लागतं. म्हणून जेनेटिक्सचा लेखी अहवाल ज्या तारखेला मिळेल ती तारीख फार जपा, आणि त्यानंतर वर्षभर विचार करत बसू नका. मुलाचा स्वतःचा दिवाणी दावा वेगळा, अल्पवयीन मुलाला मुदतीच्या कायद्यात सवलत आहे, सज्ञान झाल्यावर ठराविक काळात तो करता येतो. त्यामुळे सगळी दारं बंद असं नाही.

कंपनीविरुद्ध म्हणाल तर नव्या कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं अख्खं प्रकरण आहे, पुरेसा इशारा दिला नाही हाही दोष धरतात. पण त्यातच पळवाट आहे. जे औषध तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं त्याचा इशारा कंपनीने तज्ज्ञाला वाजवी रीतीने दिला असेल तर कंपनी सुटू शकते. म्हणजे कंपनी म्हणणार आम्ही डॉक्टरला सांगितलं, डॉक्टर म्हणणार मी पेशंटला सांगितलं, आणि पेशंटकडे कागद नाही. तुमच्याकडे मात्र तो 'गेटिंग मॅरिड' वाला कागद आहे. मूळ प्रत कोणालाही देऊ नका, मलाही नाही. झेरॉक्स, स्कॅन, आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, लॅमिनेट करू नका.

गायनॅकची फाईल कोरी आहे ही तुमची कमजोर बाजू. पण न्यूरोलॉजिस्टच्या बाबतीत ती आड येत नाही, त्यांना आजार माहिती होता, औषध त्यांचंच, लग्नही माहिती. गायनॅकला यात ओढू नका, केस पातळ होते.

डॉक्टरांकडून रेकॉर्ड लेखी अर्ज करून मागा. नियमाने दाखल झालेल्या पेशंटचे ते उपचार सुरू झाल्यापासून निदान 3 वर्षं ठेवावे लागतात आणि रेकॉर्ड मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. आठ-नऊ वर्षांपूर्वीचं असेल का माहिती नाही, नसेल तर नाही असं लेखी घ्या. ताई अजून त्यांच्याकडेच जात असेल तर अलीकडचं तर मिळेलच, आणि अलीकडेही इशारा लिहिलेला नसेल तर ते उलट आपल्या बाजूचं.

घोडबंदर_गर्ल

सॉरी मध्येच विचारतेय, मला फिट्स नाहीत, मायग्रेन आहे. मी 24 वर्षांची, घरी लग्नाचं बघणं चालू आहे. माझ्या गोळीवर डायव्हॅल्प्रोएक्स लिहिलंय. ते हेच का??

औषधवाला_नौपाडा

हेच. पोटात गेलं की तेच व्हॅल्प्रोएट होतं. मायग्रेनला आणि मूडच्या आजारालाही देतात, आणि तिथेच जास्त बायका निसटतात कारण फिट्सचा पेशंट निदान न्यूरोकडे जातो, मायग्रेनवाली कोणाकडूनही चिठ्ठी आणते आणि तीच वर्षानुवर्षं फिरवते. अमेरिकेच्या औषध खात्याने 2013 मध्येच सांगितलंय की गरोदर बाईला मायग्रेनसाठी हे औषध द्यायचंच नाही. तुमच्या वयाच्या मुलीला मायग्रेनसाठी दुसरी औषधं आहेत. डॉक्टरकडे जा आणि थेट हेच विचारा, मला पुढे मूल हवंय, हे चालेल का. स्वतःहून बंद करू नका, आणि तोपर्यंत दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या.

मावशी, ताईंना लॅमोट्रिजिनवर नेलं तर एक लक्षात असू द्या, त्या गोळीची पातळी गरोदरपणात आणि ठराविक गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर खाली जाते, म्हणून डोस बघत राहावा लागतो. बदललं आणि सुटलो असं नसतं.

शंकासूर

मागे घेतो माझं थोडंसं. माझ्या बहिणीलाही मायग्रेन आहे, आत्ता तिला स्ट्रिपचा फोटो पाठवायला सांगितला. तिने पाठवला तो अर्धाच तुकडा, नाव कापलेलं.

तरी मुद्दा ठेवतो, हे सगळं व्हॉट्सॲपवर गेलं ना, की पुढच्या आठवड्यात चार बायका गोळी बंद करून सिव्हिलला ॲडमिट असतील. वणव्यासारखं पसरतं असलं.

नेरूळची_आई

हे मात्र शंभर टक्के. म्हणून मला कोर्टाच्या आधी दुसरी गोष्ट करावीशी वाटते. सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांचा कार्यक्रम आहे, पीव्हीपीआय, गाझियाबादहून चालतो, हेल्पलाइन 1800-180-3024, टोल फ्री. मला वाटायचं फक्त डॉक्टरच कळवू शकतात, पण पेशंट आणि नातेवाईकांसाठी वेगळा फॉर्म आहे. मी मुलीचा भरला. कोणी धावत आलं नाही, नुकसानभरपाईशी त्याचा संबंधही नाही, पण नोंद झाली. नाहीतर उद्या आपण विचारायला गेलो तर सरकार म्हणेल आमच्याकडे अशा केसेसच नाहीत, आणि ते खोटंही नसेल.

आपल्या देशात अभ्यास झालेलाच नाही असंही नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत 1998 पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालते, दिवस राहण्याआधीपासून नोंदवून मूल मोठं होईपर्यंत बघतात. केरळमध्ये जमतं तर इथे का नाही, एवढी मेडिकल कॉलेजं आहेत कळव्यापासून नेरूळपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा 2023 मध्ये सांगून झालंय की मूल होण्याच्या वयातल्या मुली-बायकांना हे औषध देऊ नका. इंग्लंडमध्ये तर जानेवारी 2024 पासून 55 च्या आतल्या कोणालाही, पुरुषांनाही, नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची सही लागते. आणि आपल्याकडे 'कंटिन्यू सेम'.

कळव्याची_मावशी

सगळ्यांचे खूप आभार, शंकासूर तुमचेसुद्धा, तुमच्यामुळे औषधवाल्यांनी नीट समजावलं.

थोडं झालंय ते सांगते. काल ताई आणि भावजी दोघांना कळव्याला बोलावलं, हा सगळा धागा वाचायला दिला. भावजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दुसऱ्या मुलाचं राहू दे सध्या, आधी डॉक्टर बदलू. घटस्फोटाचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण काढला नाही. सासूबाईंचं माहिती नाही, त्या अजून म्हणतायत की आमच्या वेळी कोण खात होतं गोळ्या.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय, वाडियाच्या ओपीडीची चौकशी केलीय. रेकॉर्डचा अर्ज वकीलकाकू तुम्ही म्हणालात तसा लिहून ठेवलाय, पण ताई घाबरतेय की डॉक्टर चिडतील. तिला म्हटलं पहिली भेट नव्या डॉक्टरची होऊ दे, औषध कोण देणार हे नक्की झालं की मग अर्ज देऊ. बरोबर ना?

वकीलकाकू_ठाणे

बरोबर. उपचार एक दिवसही तुटता कामा नयेत. अर्ज रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, हातात देऊन वाद घालत बसू नका. अर्जात आरोप काही लिहू नका, फक्त रेकॉर्ड मागा.

आणि अजून पाच-सहा कुटुंबं मिळाली तर मला सांगा. एका कुटुंबाची तक्रार म्हणजे एक डॉक्टर विरुद्ध एक पेशंट. औषध खात्याकडे खोक्यावर मराठीत इशारा, अख्खं पाकीट देण्याचा नियम असं काही मागायचं तर जनहित याचिका किंवा निदान एकत्र निवेदन लागेल, आणि त्यासाठी एका डॉक्टरचं नाव घ्यायची गरजच नाही.

औषधवाला_नौपाडा

निवेदन होईल तेव्हा होईल, मी माझ्या दुकानातून चालू करतो. व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स घ्यायला बाई आली, किंवा तिच्यासाठी कोणी घ्यायला आलं, की सोबत एक छोटा मराठी कागद. राम मारुती रोड, गोखले रोडवरचे तीन-चार ओळखीचे मेडिकलवाले तयार होतील. मजकूर लिहिलाय, बघा:

'ही गोळी चालू असताना गरोदर राहिल्यास बाळाला गंभीर धोका होऊ शकतो. लग्न किंवा मूल यांचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःहून बंद करू नका.'

शंकासूर

उलटं करा. पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात 'गोळी स्वतःहून बंद करू नका'. लोक पहिली ओळ वाचतात आणि कागद चुरगळतात. आणि 'लग्न' काढा, सासरच्यांच्या हातात कागद पडला तर अवघड.

नेरूळची_आई

पहिल्या ओळीचं पटलं. लग्न काढू नका. लग्न ठरतानाच कळायला हवं, दिवस राहिल्यावर कळून काय उपयोग, पहिल्या काही आठवड्यांतच मणका तयार होऊन जातो, तोपर्यंत अर्ध्या बायकांना आपण गरोदर आहोत हेच माहिती नसतं.

घोडबंदर_गर्ल

मग 'पुढे कधीही मूल हवं असेल तर' असं लिहा ना, त्यात लग्न पण आलं आणि कोणाला खटकणार पण नाही. आणि खाली ती हेल्पलाइन टाका. प्रिंटआउट मी काढून आणते, ऑफिसच्या खालीच झेरॉक्सवाला आहे. मायग्रेन हा शब्द मात्र नक्की घाला प्लीज, नाहीतर माझ्यासारखीला वाटेल हे फक्त फिटवाल्यांसाठी आहे.

औषधवाला_नौपाडा

चालेल. पहिली ओळ बदलली, मायग्रेन घातलं, हेल्पलाइन घातली. शनिवारी दुपारी दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा या. नेरूळची आई, तुम्हीही एकदा नजर घाला, छापायला टाकण्याआधी एखाद्या न्यूरोच्या डोळ्याखालून पण घालतो.